उसन्या ‘मी’चे चरित्र

चरित्र पद्यात लिहावे की लिहू नये, हा प्रश्न मराठी वाचकाने तरी विचारू नये. महिपतीने ‘भक्तविजय’ (1762) ओवीत रचला. बहिणाबाईंनी आपले आत्मनिवेदन अभंगांत केले. आमच्या भाषेत चरित्राचा मूळ संसार पद्यातच थाटला गेला आणि गद्य तेथे उशिरा राहावयास आले. त्यामुळे एका प्रसिद्ध कादंबरीकर्तीचे मुक्तछंदातील चरित्र हाती आले, तेव्हा काही सहाध्यापकांनी काढलेला ‘ओळी तोडल्या की कविता झाली काय?’ हा उद्गार आम्हांस उथळ वाटला. या पुस्तकावर आमचाही आक्षेप आहे. पण तो ओळींच्या लांबीविषयी नाही. त्या ओळींत जो ‘मी’ बोलतो तो कोणाचा, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

पुस्तक लीटा जज या अमेरिकन लेखिका-चित्रकर्तीचे आहे: ‘मेरीज मॉन्स्टर’. ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाल्यास दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या 2018 साली ते निघाले. तीनशेहून अधिक पृष्ठे, पानोपान लेखिकेनेच काढलेली काळ्या-करड्या जलरंगातील चित्रे, आणि मेरी शेलीच्या तोंडी घातलेला मुक्तछंद. तत्पूर्वी 2013 साली स्टेफनी हेम्फिल यांचे ‘हिडियस लव्ह’ आले होते. तेही पद्यात आणि तेही मेरीच्या प्रथमपुरुषात. एकाच लेखिकेवर पाच वर्षांत दोन पद्यचरित्रे आणि दोन्हींत एकच युक्ती, म्हणून हा आक्षेप एका पुस्तकापुरता राहत नाही.

जज यांचे श्रेय आधी देऊन टाकू. त्यांनी अभ्यास केला आहे. पुस्तकाच्या शेवटी टिपा आणि संदर्भ आहेत. चित्रे तर मजकुराहून सरस आहेत. करड्या रंगाच्या ओघळांतून आकृती अर्धवट उमटते व विरते, तेथे जे सांगता येत नाही ते न सांगण्याचा समंजसपणा दिसतो. दुर्दैवाने तो समंजसपणा शब्दांना लाभलेला नाही.

एक प्रसंग घेऊ. 1815 च्या फेब्रुवारीत सतरा वर्षांच्या मेरीला दिवस पूर्ण भरण्याआधीच मुलगी झाली आणि 6 मार्चला ती दगावली. त्या दिवशीची मेरीची दैनंदिनी उपलब्ध आहे. तीत काय आहे? मूल मृत आढळल्याची नोंद, हॉग या मित्राला निरोप धाडल्याचा उल्लेख, दिवस वाईट गेल्याची दोन-तीन शब्दांची कबुली आणि संध्याकाळी वाचलेल्या पुस्तकाचे नाव. एवढेच. दोन आठवड्यांनी स्वप्नाची नोंद येते: बाळ केवळ गारठले होते, विस्तवापुढे चोळल्यावर ते जिवंत झाले. आणि मग जाग आल्याचे, बाळ नसल्याचे एक वाक्य.

ही नोंद वाचणाऱ्याच्या घशात काही अडकते, ते तिच्या कोरडेपणामुळे. शिवाय ही दैनंदिनी मेरी आणि पर्सी यांनी 1814 मध्ये सामाईक म्हणून सुरू केलेली होती. तिच्या पानावर दुसऱ्याची नजर पडणार हे लिहिणारीला ठाऊक होते. म्हणजे त्या कोरडेपणात वेदना किती, संकोच किती, बधिरता किती, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पद्यचरित्रकर्ती मात्र ते कळल्यासारखे लिहिते. जेथे मेरी थांबली तेथे पद्यातली मेरी बोलू लागते, उपमा योजते, आपल्या दुःखाचा अर्थही लावून दाखवते. मुक्तछंदाजवळ गद्याहून एक गोष्ट अधिक असते, ती म्हणजे ओळीनंतरची कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत मेरीचे मौन जसेच्या तसे ठेवता आले असते. ती जागा उसन्या शब्दांनी भरली गेली.

दुसरा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. 1816 चा जून, जिनिव्हाच्या सरोवराकाठचा व्हिला डिओडाटी, बाहेर पाऊस. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्या राखेमुळे युरोपात तो उन्हाळा उगवलाच नाही. बायरन भुताच्या गोष्टी लिहिण्याचे आव्हान देतो. अठरा वर्षांच्या मेरीला गोष्ट सुचत नाही. मग एका रात्री अर्धवट जागेपणी तिला तो विद्यार्थी आणि त्याने घडवलेला देह दिसतो. कोणत्याही पद्यचरित्राचा हा कळसाध्याय ठरावा हे स्वाभाविकच.

परंतु या कळसाखाली पाया किती आहे? मेरीची मे 1815 ते जुलै 1816 या काळातील दैनंदिनी हरवली आहे. नेमकी त्या रात्रीची वही नाही. आपण जे सांगतो ते मुख्यतः 1831 च्या आवृत्तीला तिने जोडलेल्या प्रस्तावनेवरून. म्हणजे पंधरा वर्षांनी, प्रकाशकांनी ‘ही कल्पना सुचली कशी’ ते लिहा म्हणून सांगितल्यावर, पस्तिशीकडे झुकलेल्या विधवेने लिहिलेल्या आठवणीवरून. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याची त्या दिवसांतील रोजनिशी 1911 साली प्रसिद्ध झाली. तीत आपल्याखेरीज सर्वांनी गोष्टी लिहावयास घेतल्याचे तो नोंदवतो. मेरी सांगते की तिला दिवसेंदिवस काही सुचत नव्हते आणि रोज सकाळी नकार देताना लाज वाटत होती. दोघांचे सांगणे सहज जुळत नाही. गद्यचरित्रकार येथे अडखळतो. ‘बहुधा’, ‘मेरीच्या सांगण्यानुसार’, ‘पोलिडोरी मात्र म्हणतो’ असे अडथळे त्याच्या वाक्यात येतात. हे अडथळे म्हणजे त्याची सचोटी होय. प्रथमपुरुषी पद्याला ‘बहुधा’ म्हणण्याची सोयच नाही. ‘मला बहुधा ते दिसले’ असे कोणती नायिका म्हणेल? ‘मी’ आला की शंका गेली, आणि शंका गेली की चरित्रही गेले.

यावर कोणी म्हणेल, कवितेकडून पुराव्याची अपेक्षा करणे हा अध्यापकी रुक्षपणा आहे. असेल. पण या विशिष्ट बाईच्या बाबतीत ‘तिच्या नावाने दुसऱ्याने बोलणे’ ही काही निरुपद्रवी रचनायुक्ती नाही. तिच्या आयुष्याचा तो रोगच होता.

‘फ्रँकेन्स्टाइन’ 1 जानेवारी 1818 रोजी तीन खंडांत, पाचशे प्रतींत आणि लेखकाच्या नावाविना निघाले. आरंभी एक प्रास्ताविक होते आणि त्यात लेखक ‘मी’ म्हणून बोलतो. ते प्रास्ताविक पर्सी शेलीने लिहिलेले होते. आपल्या आठवणीप्रमाणे ते सर्वस्वी त्याचेच, असे मेरीने 1831 मध्ये सांगून टाकले. म्हणजे या कादंबरीच्या दारातच एक उसना ‘मी’ उभा होता. वॉल्टर स्कॉटने त्याच वर्षी ‘ब्लॅकवुड्स’मध्ये परीक्षण लिहिले आणि कर्तृत्व पर्सीला देऊन टाकले. 1823 च्या दुसऱ्या आवृत्तीवर मेरीचे नाव आले, तरी ‘हे तिने एकटीने लिहिले काय’ हा संशय पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे फिरत राहिला. अखेर चार्ल्स रॉबिन्सन यांनी हस्तलिखिते तपासून 2008 साली हिशेब मांडला: सुमारे 72,000 शब्दांच्या कादंबरीत पर्सीची भर चार-पाच हजार शब्दांची. जिचा ‘मी’ परत मिळवावयास विद्वानांना इतके खपावे लागले, तिच्या नावाने पुन्हा एकदा तीनशे पाने ‘मी, मी’ म्हणून लिहावीत, आणि त्याला ‘तिला आवाज दिला’ म्हणावे? आवाज तिला होता. तिची दैनंदिनी 1987 साली साक्षेपाने संपादित होऊन निघाली आहे. पत्रांचे तीन खंड 1980 ते 1988 या काळात आले. ज्याला तो आवाज ऐकावयाचा त्याने तेथे जावे.

आणखी आश्चर्य असे की, उसन्या ‘मी’विषयी सावध राहावयास ज्या पुस्तकाने शिकवले असते, ते पुस्तक या पद्यचरित्रांच्या केंद्रस्थानीच आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची रचना आठवा. राक्षस आपली कहाणी स्वतः सांगतो. पण ती आपण ऐकतो व्हिक्टरच्या तोंडून. व्हिक्टरची कहाणी आपण वाचतो वॉल्टनच्या टिपणांतून. ती टिपणे व्हिक्टरने मागून घेतली आणि आपल्या हाताने ठिकठिकाणी दुरुस्त केली, वाढवली, असे वॉल्टन सांगतो. म्हणजे तीन ‘मी’ एकात एक, आणि प्रत्येकावर दुसऱ्याच्या हाताचे ठसे. हे सारे लिहून जाते ते वॉल्टनच्या बहिणीकडे, मार्गारेट वॉल्टन सॅव्हिलकडे. तिच्या नावाची आद्याक्षरे आणि मेरी वुलस्टनक्राफ्ट शेलीची आद्याक्षरे एकच. या बहिणीचे एकही उत्तर कादंबरीत नाही. विशीच्या आत ही कादंबरी लिहून पूर्ण करणाऱ्या मुलीला एवढे कळत होते की कोणाचाही ‘मी’ आपल्यापर्यंत निखळ पोहोचत नाही. तो कोणी आणला, त्याचा स्वार्थ काय, हे विचारावे लागते. तिच्या चरित्रकर्त्यांनी तिची गोष्ट घेतली आणि ही जाण मागे ठेवली.

आमची खरी तक्रार याहूनही पुढची आहे. प्रथमपुरुषी पद्याला भावना लागते, आणि म्हणून ते मेरीच्या आयुष्यातून भावना तेवढी वेचते. जन्मानंतर अकराव्या दिवशी आई गेली, सोळाव्या वर्षी घर सोडले, मूल गेले, 1816 च्या अखेरीस सावत्र बहीण फॅनी आणि पर्सीची पहिली पत्नी हॅरिएट यांच्या आत्महत्या. या जखमांतून राक्षस जन्मला, असा अन्वय मग आपोआप लागतो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. एलन मोअर्स यांनी 1970 च्या दशकात ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे प्रसूतीचे मिथक म्हणून वाचले, तेव्हा पुरुष समीक्षकांना न दिसलेले काहीतरी दिसले होते. पण जे तेव्हा एक नवे दर्शन होते ते आता सक्तीचा मार्ग झाले आहे. 1816 च्या शरद ऋतूत, कादंबरी लिहीत असताना, मेरी हम्फ्री डेव्हीचे रसायनशास्त्र वाचत होती. दैनंदिनीत नोंद आहे. विजेच्या धक्क्याने मृत स्नायू हलवण्याचे गॅल्व्हानीचे प्रयोग, इरॅस्मस डार्विन, मिल्टनचे महाकाव्य, प्लूटार्क, व्होल्नी हे सारे त्या कादंबरीच्या पोटात आहे. माणूस जन्मतः दुष्ट असतो की समाज त्याला दुष्ट करतो, हा तिच्या वडिलांच्या पिढीचा वाद तीत चालू आहे. पुरुषाची कादंबरी आपण त्याच्या वाचनाने समजावून घेतो आणि बाईची तिच्या गर्भाशयाने. हा भेद वर्गात आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली निघाले तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ कोण याचा शोध घेण्यात जेवढा उत्साह खर्ची पडला, तेवढा त्या कथांच्या बांधणीकडे पाहण्यात पडला नाही. आजही विद्यार्थी प्रथम विचारतात ते ‘हे लेखिकेच्या बाबतीत घडले होते का?’ हेच.

आता आमच्या परंपरेकडे वळू; कारण तिनेच आम्हांला या ‘मी’विषयी विचार करावयास लावले. महिपती संतांची चरित्रे सांगतो. त्यांत चमत्कार आहेत, इतिहासाच्या कसोटीला न उतरणारे पुष्कळ काही आहे. पण तो आरंभीच सांगतो की उत्तरेत नाभाजीने आणि माणदेशात उद्धवचिद्घनाने जे लिहिले त्याच्या आधारे आपण बोलत आहोत. श्रोत्यांना तो मधूनमधून हाक मारतो. संत बोलतो तेथे संत बोलतो आणि महिपती बोलतो तेथे महिपती. कोणाच्या मुखातून कोण बोलत आहे याचा गोंधळ होत नाही. उलट बहिणाबाईंच्या अभंगांत ‘मी’ येतो, तो त्यांचा स्वतःचा म्हणून. आणि जेथे कोणी तुकोबांची वा जनाबाईंची नाममुद्रा लावून आपले अभंग खपवले, तेथे आमच्या संपादकांनी त्यास एक शब्द योजला: प्रक्षिप्त. त्या रचनांतले काही अभंग गोड असतील, लोकांच्या ओठी असतील, तरी प्रक्षिप्त ते प्रक्षिप्त. नाममुद्रा ही कवीची सही आहे, एवढे साधे भान त्यामागे आहे.

विराण्या आणि गौळणी यांचा दाखला देऊन कोणी विचारील, ज्ञानदेवांनी विरहिणीचा ‘मी’ घेतलाच ना? घेतला. पण त्या विरहिणीची दैनंदिनी नव्हती, तिची पत्रे नव्हती, तिचे पुस्तक दुसऱ्याच्या नावे जमा झाले नव्हते. ती भावाची मूर्ती आहे. मेरी शेली 1 फेब्रुवारी 1851 रोजी लंडनमध्ये वारलेली एक व्यक्ती आहे. व्यक्तीचा ‘मी’ घेण्यास तिची अनुमती लागते, आणि मृतांची अनुमती घेता येत नाही म्हणूनच चरित्रलेखनात तृतीयपुरुष सभ्य ठरला.

दुसरा बचाव असा: ही पुस्तके तरुण वाचकांसाठी आहेत, ‘मी’मुळे त्यांना जवळीक वाटते, टिपा शेवटी आहेतच. आम्ही तरुण वाचकांमध्येच दिवस काढतो. शेवटच्या टिपा किती जण वाचतात ते आम्हांस ठाऊक आहे. ‘स्वामी’ (1962) वाचून रमा-माधवांचे संवाद इतिहास म्हणून सांगणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. आनंदीबाई जोशी यांची पत्रे आहेत, काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र आहे. पण महाराष्ट्राच्या मनातील आनंदीबाई श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (1968) या कादंबरीतून आल्या. या कादंबऱ्यांनी निदान स्वतःला कादंबरी म्हटले होते. चरित्राच्या फळीवर ठेवलेल्या पद्याचे काय होईल, याची कल्पना करावी.

तिसरा बचाव अधिक वजनदार आहे: वस्तुनिष्ठ गद्यचरित्र तरी निर्दोष असते काय? नसते. मेरीच्या वडिलांनीच त्याचा पुरावा मागे ठेवला. विल्यम गॉडविनने पत्नी मेरी वुलस्टनक्राफ्ट हिचे चरित्र तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत, 1798 च्या आरंभी, प्रसिद्ध केले. त्यात त्याने काही लपवले नाही: विवाहाबाहेरचे संबंध, अपत्य, आत्महत्येचे प्रयत्न. हेतू प्रेमाचा, भाषा सरळ, आणि परिणाम असा की त्या विदुषीचे नाव पुढे कित्येक वर्षे सभ्य घरांत उच्चारणे कठीण झाले. म्हणजे खरे सांगूनही घात होतो. पण गॉडविनचा घात त्याच्या नावावर आहे. आपण त्याला आज जाब विचारू शकतो. उसन्या ‘मी’ला जाब विचारावयाचा तर कोणाला? तो तर चरित्रनायिकेचाच चेहरा लावून बसलेला असतो.

मग पद्यचरित्र लिहूच नये काय? लिहावे, आणि कसे लिहावे याचे नमुनेही आहेत. ‘हिडियस लव्ह’च्या त्याच हेम्फिल यांनी 2007 साली सिल्व्हिया प्लाथवर ‘युअर ओन, सिल्व्हिया’ हे पद्यचित्र लिहिले. त्यात बोलतात ते प्रामुख्याने सिल्व्हियाच्या भोवतीचे लोक, आणि कवितांखाली त्या प्रसंगाची गद्य टीप आहे. मधोमध सिल्व्हियाची जागा बरीचशी रिकामी राहते आणि ती रिकामी जागाच वाचकाला छळते. रूथ पॅडेल यांनी 2009 साली आपल्या पूर्वजाचे, चार्ल्स डार्विनचे, चरित्र कवितांत लिहिले, तेव्हा कवितेशेजारच्या समासात तपशील दिले. कविता कोठे संपते आणि नोंद कोठे सुरू होते, ते डोळ्यांना दिसते. एकच लेखिका 2007 साली ही शिस्त पाळते आणि 2013 साली सोडते, याचे कारण आम्हांस तरी कलात्मक वाटत नाही. ‘मी’ अधिक वाचला जातो, हे त्याचे कारण असावे.

आणि सर्वांत मोठा नमुना स्वतः मेरीचाच आहे. पर्सी 1822 च्या जुलैमध्ये समुद्रात बुडाला. तिने 1824 मध्ये त्याच्या अप्रकाशित कविता छापल्या, तेव्हा सासरे सर टिमथी शेली यांनी उरलेल्या प्रती मागे घ्यावयास लावल्या. नातवाच्या पोटगीच्या पैशांची दोरी त्यांच्या हाती होती. पुढे 1839 मध्ये निघालेल्या समग्र कवितांना अनुमती मिळाली होती ती चरित्र न लिहिण्याच्या अटीवर. मेरीने चरित्र लिहिले नाही. तिने कवितांना टिपा जोडल्या: ही कविता कोठे लिहिली, तेव्हा घर कसे होते, प्रकृती कशी होती, कोण मेले होते. कविता त्याची, टीप तिची. त्याच्या ‘मी’त तिने आपला ‘मी’ मिसळला नाही. त्या टिपांत तिने पर्सीला फार उजळ केले, काही गैरसोयीचे गाळले, हेही खरे. पण त्या उजळण्याखाली तिची सही आहे. कविता आणि चरित्र एकत्र कसे नांदावेत, याचा इतका नेमका धडा ज्या बाईने घालून दिला, तिच्यावर पद्यचरित्र लिहिणाऱ्यांनी तो वाचलेला असावा, ही अपेक्षा जास्त आहे काय?

त्या टिपा लिहिणारी मेरी चाळिशी ओलांडलेली होती. ‘द लास्ट मॅन’ (1826) ही साथीने ओस पडलेल्या पृथ्वीची कादंबरी तिने तोवर लिहिली होती. ‘वाल्पेर्गा’, ‘पर्किन वॉर्बेक’, ‘लोडोर’, ‘फॉकनर’ लिहून झाल्या होत्या. लार्डनरच्या ज्ञानकोशासाठी इटली, स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स येथील लेखकांची बहुसंख्य चरित्रे तिने पैशांसाठी, मुलाच्या शिक्षणासाठी, वर्षानुवर्षे बसून लिहिली. ती स्वतः व्यवसायाने चरित्रकर्ती होती. साडेअठ्ठावीस वर्षांच्या या वैधव्यात वादळी रात्र नाही, पळून जाणे नाही. टेबल आहे, कागद आहे, प्रकाशकाला लिहिलेली पत्रे आहेत. पद्यचरित्रांचा भर तिच्या पंचविशीपर्यंतच्या वर्षांवर का, हे आता वेगळे सांगावयास नको. दुःखाला ‘मी’ म्हणून बोलवता येते. कामाला तसे बोलवणे कठीण असते.

येत्या सत्रात ‘मेरीज मॉन्स्टर’ आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती देणार आहोत. त्यासोबत 1815 च्या मार्च महिन्यातील दैनंदिनीचे पान देऊ, आणि 1831 ची प्रस्तावना देऊ. आधी पान, मग प्रस्तावना, शेवटी पद्य, याच क्रमाने.